शनिवारचा पेपर

आखातात, देरातल्या त्या जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावर छाया राहायची आणि पाचव्यावर हनोककाका वाकरुळकर. काका ऐंशीला टेकलेले, अलिबागकडचे बेने इस्रायली. म्हणजे धर्माने ज्यू. पण बोली आपली, सोलकढी आपली आणि वाद घालायची हौस तर अगदीच आपली. मुलगी एस्थर कार्गोच्या ऑफिसात, सकाळी आठला गेली की संध्याकाळी सहाला घरी. काकांना डोळ्यांनी दगा दिला होता. समोर बसलेलं माणूस कळायचं, कागदावरचं अक्षर नाही. आणि नेमकं याच वयात त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं होतं.

छाया पूजा नि पोथीचा अध्याय आटोपला की लॅपटॉप घेऊन खाली उतरायची. काका सांगायचे, ती टाइप करायची. शुक्रवार-शनिवार सुट्टी, कारण शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, काका लिहीत नसत आणि दुसऱ्याकडून लिहून घेणं म्हणजे पळवाट झाली, असं त्यांचं मत होतं. छायालाही ते पटायचं. तिचा चातुर्मास चालू होता, एकभुक्त होती ती, त्यात पुन्हा सोमवार आणि चतुर्थी. काकांना त्याची मोठी गंमत वाटायची.

"आज कसला उपास?"

"संकष्टी, काका."

"तुमचे उपास म्हणजे साबुदाणा नि शेंगदाणे! आमच्या दारफाळणीच्या सणाला ये एकदा. पाण्याचा थेंब नाही. मग बघू तुझी भक्ती."

"येईन की," छाया हळूच म्हणायची. "पण सण सुटल्यावर जेवायला काय कराल ते आधी सांगा."

काका खूश.

पुस्तक होतं अहीम बंधुमंडळाचं. अहीम म्हणजे हिब्रूत भाऊ. काकांच्या आधीच्या पिढीतल्या चार मुलांनी मुंबईच्या हॉस्टेलात हे मंडळ काढलं, ते अमेरिकेहून आलेलं कुणाचंसं पत्र वाचून. तिथे कॉलेजातले क्लब ज्यू मुलांना घेत नसत, म्हणून त्या मुलांनी आपले स्वतःचे बंधुसंघ उभे केले, असं त्या पत्रात होतं.

"आपल्याला कोणी अडवलं नव्हतं हो," काकांनी पहिल्याच प्रकरणात लिहवून घेतलं होतं. "ख्रिस्ती, पारशी, ब्राह्मण, सगळे खांद्यावर हात टाकायचे. आपली अडचण एकच. शनिवारी चूल पेटवायची नाही आणि मेसचा आचारी शुक्रवारचं शिळं वाढायला तयार नाही. सबब मंडळ स्थापन झाले."

पुढे मंडळाचे नियम झाले, दर वर्षी मलिद्याचं ताट होऊ लागलं. गोड पोहे, खोबरं, पाच फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताची प्रार्थना. नवा मुलगा आला की त्या ताटासमोर शपथ घ्यायचा. शपथ एका ओळीची होती: शनिवारी लेखणी धरणार नाही.

पुस्तक आता संपत आलं होतं. रास अल खोरमध्ये सुजीतचा छापखाना होता. राजनच्या, म्हणजे छायाच्या नवऱ्याच्या, ओळखीतला मुलगा. त्याचा सकाळीच फोन येऊन गेला. "काका, फाइल उद्या नऊपर्यंत पाहिजे, नाहीतर मशीन पंधरा दिवस रिकामं नाही. यल्ला, उरका!"

उरलं होतं एकच प्रकरण. काका ते रोज पुढे ढकलत होते.

"घे," ते शेवटी म्हणाले. "सन एकोणीसशे सहासष्ट. इंटर सायन्सचा रसायनाचा पेपर शनिवारी आला. मंडळाच्या सात सभासदांनी प्राचार्यांना अर्ज केला. तो नामंजूर झाला. सहा जणांनी परीक्षा सोडली आणि ऑक्टोबरात दिली. सातवा सभासद रूबेन झिराडकर याने शपथ मोडली व तो पेपरास बसला. सबब सचिवाने त्याचे नाव तांबड्या शाईने खोडले."

छायाची बोटं चालत होती. "सचिव कोण होतं, काका?"

"मी."

"आणि हे रूबेनजी?"

"एकाच बाकावर बसायचो. माझ्या टिफिनातलं मासळीचं कालवण तो खायचा, त्याच्यातलं मी." काका खिडकीकडे वळले. "आता अश्दोदला असतो, इस्रायलात. साठ वर्षं होत आली, आम्ही बोललो नाही. पण इतिहास म्हणजे इतिहास, पोरी. मित्र होता म्हणून गाळता येत नाही."

"तुम्ही पाहिलंत त्यांना पेपरला जाताना?"

"ह्या डोळ्यांनी. तेव्हा चांगले होते. मी समोरच्या फुटपाथवर उभा. त्याच्या बापाने दंडाला धरून आत पोचवला आणि तीन तास फाटकात उभा राहिला. बाप रेल्वेत हेडक्लार्क, लय कडक. पण म्हणून काय शपथ मोडायची? बरं, बसून मिळवलं काय? नापास झाला. आम्ही म्हटलं, देवानंच शिक्षा दिली."

छायाचे हात थांबले. "अभ्यासात कच्चे होते का?"

"रूबेन? वर्गात पहिला! रसायन तर मला त्यानेच शिकवलं."

बोलावं की नाही, असं छायाला झालं. स्वतःच्या व्रताबद्दल चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती.

"काका, एक सांगू? राजनच्या ऑफिसच्या पार्ट्या असतात. नेमका माझा उपास असतो. नाही म्हटलं की यजमानीण हिरमुसते, राजनलाही ऑकवर्ड होतं. म्हणून मी ताट वाढून घेते. चमचा इकडून तिकडे फिरवते, बिर्याणी छान झालीय म्हणते. दोन तास सगळ्यांबरोबर बसते, पण घास तोंडात घालत नाही. बघणाऱ्याला वाटतं, जेवली."

काकांना कळायला वेळ लागला.

"म्हणजे तुझं म्हणणं..."

"माझं काही म्हणणं नाही हो. पहिला येणारा मुलगा, दुसऱ्याला शिकवलेल्या विषयात नापास कसा होतो, एवढंच मनात आलं. तुम्ही त्यांना विचारलं होतंत?"

"विचारायचं काय? डोळ्यांनी बघितलं ना!" काका ओरडले. मग काठी टेकत खोलीत एक फेरी मारून आले. शेवटी म्हणाले, "फोन लाव."

छायाने एस्थरला ऑफिसात विचारलं. नंबर तिच्या समाजाच्या ग्रुपवर सापडला. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल इथून लागत नाही, म्हणून छायाने साधाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोण?" पलीकडून खरखरीत आवाज आला.

"हनोक. वाकरुळकर."

"कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही रे."

"मग साठ वर्षांनी फोन कशाला? तुझं काही दुखतंय का?"

"रूबेन, रसायनाच्या पेपरात तू काय लिहिलंस?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आता पेपर तपासायला बसलास होय रे?" आवाज खाली आला होता. "काही नाही लिहिलं. सीट नंबरसुद्धा नाही. तो सुपरवायझरनं घातला, त्याला वाटलं पोराला चक्कर आलीय. सगळे प्रश्न येत होते, हनोक. एकूण एक. तीन तास पंख्याची पाती मोजत बसलो."

"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"तू विचारलंस कुठे, गाढवा? मी बाहेर आलो तर तू तोंड फिरवून निघून गेलास. आणि बोललो असतो तर बाबांच्या कानावर गेलं असतं. ते जन्मभर सांगायचे, पोरगा नापास झाला, पण बापाचा शब्द नाही मोडला. तेवढंच समाधान होतं त्यांचं."

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही त्यांना सुचेना. "मी आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो. अख्खं पान लिहितो. कोरा पेपर, तुझा बाप, सगळं. तूच खरा सभासद होतास म्हणून—"

"खबरदार!" फोन कडाडला. "एक अक्षर छापायचं नाही. बायकोला नाही सांगितलं मी, ती जाईपर्यंत. ते माझ्यात आणि देवात आहे. आता तुझ्या मंडळात गाजावाजा करू? त्यापेक्षा खोडलेलं बरं."

"अरे, पण मी खोटा इतिहास छापू?"

"तो तुझा प्रश्न. सचिव तू." आणि थोड्या वेळाने, जरा मऊ होऊन: "उद्या पुन्हा कर फोन. पण सकाळी कर. संध्याकाळी मी फिरायला जातो."

फोन बंद झाला. काका दोन्ही हातांत काठी धरून बसून राहिले.

"बघ म्हणजे! खरं लिहावं तर त्याचं साठ वर्षांचं मौन मोडतं. जुनं ठेवावं तर मी पापी. गाळावं तर मंडळाचे ठाण्याचे लोक विचारणार, सहासष्ट साल कुठे गेलं. सांग आता."

छायाने डोळे मिटले. जपाला बसल्यावर बसायची तशीच ती बसली. मग म्हणाली, "त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे, काका. तुमचं आहे तेवढं तुम्ही लिहा ना."

"माझं काय आहे त्यात?"

"खोडणारा हात."

काकांनी ते ऐकलं, मान हलवली, पुन्हा हलवली. मंडळाच्या सगळ्या घरांत हे पुस्तक जाणार होतं. ऐंशीव्या वर्षी, आपल्याच पुस्तकात, आपल्याच नावावर डाग. बरं, कारण सांगायची सोय नाही. जो तो फोन करून विचारणार, आणि प्रत्येकाला गप्प बसूनच उत्तर द्यावं लागणार.

"घे," ते म्हणाले. त्यांनी सांगितलं, छायाने टाइप केलं आणि वाचून दाखवलं:

"सन एकोणीसशे सहासष्टमध्ये सचिव हनोक वाकरुळकर यांनी सभासद रूबेन झिराडकर यांचे नाव चुकीने खोडले. ते नाव पूर्ववत करण्यात येत आहे. रूबेन झिराडकर हे प्रवेशाच्या दिवसापासून आजपर्यंत अखंड सभासद आहेत."

"लोक विचारतील, चूक कसली?" छाया म्हणाली.

"विचारू देत." काका जरा वेळ ऐकल्यासारखे बसले, जणू ती वाक्यं अजून खोलीत होती. "थांब. 'चुकीने' काढ. चूक काय, कोणाचीही होते. तिथे 'न विचारता' घाल."

छायाने शब्द बदलला, एकदा पुन्हा वाचून दाखवला आणि सुजीतला फाइल पाठवून दिली.