पंचवीस सकाळींचा रुपया

कानडी मुलखातल्या यशवंतपूरला रुळांच्या अलीकडे रत्नाबाईंचं घर होतं. नवरा गेल्यावर बाईंनी शेवयांचा धंदा धरला. भाऊ संताजी कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाई, तेव्हा त्याची दोन मुलंही त्यांच्याच हाताखाली असत. विमला बारा वर्षांची, परसू नऊचा. पैसा झाडाला लागत नाही, हे वाक्य सगळ्याच मुलांनी ऐकलेलं असतं आणि कुणाच्याच डोक्यात शिरलेलं नसतं. रत्नाबाई ते वाक्य कधी बोलल्या नाहीत. त्यांची रीत वेगळी होती.

शाळेआधी बाजेवर धोतर घालून शेवया पसरायच्या, कावळे हाकायचे, दोन-तीन घरी पुडे पोचवायचे. याचे रोज प्रत्येकी दहा नये पैसे. ते ज्याच्या त्याच्या मडक्यात जात. अडीच रुपये साठले की रत्नाबाई मुलांना बसने शहरातल्या चिकपेटेच्या बाजारात नेत, जयतीर्थ सराफांकडे, आणि त्या अडीच रुपयांत चांदीचा एक जुना रुपया घ्यायचा. पारखायचाही मुलांनीच. फरशीवर टाकला की चांदी लांबवर गाते, भेसळीचा रुपया धप्प करून गप्प बसतो. रत्नाबाईंना अक्षर येत नव्हतं. वरचा मुखडा बघून दाढीवाला, टकल्या आणि राणी, अशी तीन नावं त्यांनी नाण्यांना आपल्यापुरती ठेवून टाकली होती.

परतीच्या बसमध्ये त्या विचारत, "काय गं, मुठीत काय आहे?"

"रुपया."

"रुपया कसला! किती सकाळी?"

"पंचवीस."

"मग घट्ट धर. खिडकीतून पडल्या तर पुन्हा उगवायच्या नाहीत."

विमलाकडे चार दाढीवाले आणि एक टकल्या जमला होता. राणी नव्हती. राणीछाप रुपये बायका लक्ष्मीच्या पूजेसाठी धरून ठेवत, सराफाकडे क्वचित येत. आणि नाण्यावर बाईमाणूस, ही गोष्ट विमलाच्या मनात रुतून बसली होती. दोन वर्षं ती विचारत होती आणि दोन वर्षं जयतीर्थ चष्म्यावरून बघून म्हणत होते, "राणीसाहेब आजही आल्या नाहीत."

त्रेसष्ट सालची उगादी, म्हणजे पाडवा, आठवड्यावर आली होती. रत्नाबाई पुडे पोचवायला गेल्या होत्या, विमला एकटीच घरी होती. रेल्वेतल्या यल्लाप्पा गँगमनची बायको दाराशी आली आणि पदराची गाठ सोडू लागली. गाठीत राणी होती.

"पुट्टी, पोरी, जावई येणार आहे. शेवया हव्यात. पण हे नाणं आता चालत नाही म्हणतो कोपऱ्यावरच्या दुकानातला शेट्टी. बारा आणे देतो म्हणतो. खरं का गं?"

विमलाने नाणं हातात घेऊन राणी पाहिली. "खरंच चालत नाही, अक्का," ती म्हणाली. "पण मी पुरा रुपया धरते."

बाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रुपयाच्या शेवया घेऊन गेली. विमलाने लगेच आपल्या मडक्यातला रुपया काढून आत्याच्या डब्यात टाकला. मडक्यात उरले दहा पैसे. हिशेब चोख होता, वर शेट्टीपेक्षा चार आणे जास्त दिले होते. आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं तिला वाटलं.

रत्नाबाई आल्या. नाणं पाट्यावर टाकून ते विझेपर्यंत त्यांनी ऐकलं. "अस्सल आहे. किती सकाळी?"

"दहा!"

"राणी पंचवीस सकाळींची. बाकीच्या पंधरा कुणाच्या?"

विमलाचा चेहरा उतरला. "मी खोटं नाही बोलले. चालत नाही म्हटलं. चालतच नाही!"

"पाणी घालणारा गवळीसुद्धा दूध आहे म्हणूनच सांगतो."

"शेट्टीनं बाराच आणे दिले असते."

"मग तू शेट्टीपेक्षा चार आण्यांनी बरी. तेवढीच."

परसू खिदळला, "अक्का शेट्टीण!" त्याला एक टपली बसली.  रत्नाबाई दे म्हणाल्या नाहीत, ठेव म्हणाल्या नाहीत. कणीक मळायला बसल्या. त्यांनी रागावलं असतं तर विमलाला रडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शेवया पसरून झाल्यावर ती रेल्वेच्या चाळीत यल्लाप्पाच्या घरी गेली. वरचे पैसे द्यायला तिच्या मडक्यात नव्हतेच. तिने नाणं पुढे केलं. "अक्का, काल मी अर्धंच सांगितलं. बाजारात चालत नाही, पण चिकपेटेत याची चांदी विकत घेतात. जवळजवळ अडीच रुपयांना."

बाई उंबऱ्यावर बसली. "माझ्या आईनं लग्नात नऊ दिले होते," ती म्हणाली. "सात त्या शेट्टीकडे गेले. बारा-बारा आण्यांना."

विमलाला क्षणभर वाटलं, ही म्हणेल, राहू दे बाळ, तूच ठेव. बाईने राणी मुठीत घट्ट आवळली. शेवयांचा रुपया पगार झाला की देते, एवढंच म्हणाली आणि आत गेली. विमला रिकाम्या हातांनी घरी आली. तिने कावळ्यांना त्या दिवशी जरा जास्तच दगड मारले. रत्नाबाईंनी पाहिलं, पण दुपारी तिच्या पानात तुपाची धार नेहमीपेक्षा मोठी पडली.

उगादी झाली. रविवारी दारात यल्लाप्पाची बायको उभी, मागे चाळीतल्या तिघीजणी. प्रत्येकीच्या पदराला गाठ.

"या, बसा," रत्नाबाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही बाई, ती पुट्टी कुठंय? आमचं तिनं बघायचं."

रत्नाबाईंनी पाट्यावरचं पीठ पुसून जागा करून दिली. विमलाने एकेक नाणं टाकलं. सहा गायले. सातवं धप्प झालं. ते सर्वांत म्हाताऱ्या बाईचं एकुलतं एक नाणं होतं आणि तिने ते फार जपलेलं दिसत होतं. विमलाने ते उचलून तिच्या हातात परत ठेवलं.

"आजी, यात निम्मीच चांदी आहे. याचे कमी येतील."

म्हातारीने नाणं पुन्हा पदराला बांधलं. "सरी, बरं," ती म्हणाली, "निदान कुणी सांगितलं तरी."

त्यांना लगेच चिकपेटेत जायचं होतं. विमलाने आत्याकडे पाहिलं. "तू पण चल ना."

"मी कशाला? त्यांना माणूस मिळालंय," रत्नाबाई म्हणाल्या आणि शेवयांकडे वळल्या. 

बसमध्ये कंडक्टर विमलाजवळ आला. तिने तिकिटासाठी मूठ उघडली, तोच यल्लाप्पाच्या बायकोने तिचा हात बाजूला सारला.

"हिचं तिकीट आमचं," ती म्हणाली. "ही आमच्या कामाला आलीय."