घरटी एक माणूस

कळस गावात जुनी रीत होती. बांध फुटला किंवा विहिरीचा गाळ काढायचा झाला की दवंडी यायची, घरटी एक माणूस. घरातून कोण आलं हे कुणी विचारायचं नाही. थोरला अडकला तर धाकटा, धाकटा परगावी गेला तर म्हातारा. माणूस भरला म्हणजे झालं. दत्तोबाच्या घरानं ही रीत सरकारी नोकरीलाही लावली आणि तिथंच सगळा घोळ झाला.

नोकरी दत्तोबाची. लोकल बोर्डानं त्याला पटकीचा शिपाई नेमलं होतं. पटकी लागली, माणसं जुलाब-ओकाऱ्यांनी पटापट आडवी व्हायला लागली, की गाव बाहेर पळायचं आणि यानं उलट आत शिरायचं. विहिरीत लाल औषध टाकायचं, आजाऱ्यांना उचलून गावाबाहेरच्या छपरात न्यायचं. छत्तीस सालच्या चैत्रात डाळज गावाला पटकी लागली आणि नेमकी त्याच दिवशी दत्तोबाच्या वांग्यांना कालव्याच्या पाण्याची पाळी आली. पाळी चुकली तर पुढं दहा-बारा दिवस थेंब नाही. दत्तोबानं पितळी बिल्ल्याचा पट्टा कमरेचा सोडला आणि धाकट्या भावाला, भिमाला दिला. भिमा हसत गेला. हजेरीवर नाव लागलं दत्तोबा रावजी. याआधीही दोनदा असंच झालं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

पाचव्या दिवशी भिमाला गाडीत घालून आणलं. पटकी उतरली, पण लघवी बंद झाली, अंगावर सूज चढली. बारामतीच्या डॉक्टरनं सांगितलं, आता पुण्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथं खाटेसाठी बोर्डाची चिठ्ठी लागत होती. बोर्डाचा तसा ठराव होता: पटकीच्या कामावर ज्याला रोग जडेल, त्याला पुण्याला औषधपाणी, त्याची जागा त्याच्या घरातच कायम, आणि बरंवाईट झालं तर बायकोला वर्षाचा पगार. कुणीतरी भल्या माणसानं केलेला ठराव होता, यात शंका नाही.

शेजारच्या हिंदुरावानं बैलगाडी जुंपली. गाडीत भिमा, उशाशी त्याची बायको प्रयागबाई. इंदापूरच्या बोर्डाच्या कचेरीत दत्तोबा एकटाच गेला.

"आजारी कोण?" कारकुनानं विचारलं.

"माजा भाऊ, भिमा."

कारकुनानं हजेरी उघडली. "भिमा नावाचा माणूस आमच्याकडं नाही."

"पर डाळजला त्योच गेलता, रावसाहेब."

"डाळजला दत्तोबा गेला होता."

"दत्तोबा मी."

"मग तू आजारी आहेस?"

"न्हाय."

"मग चिठ्ठी कुणाला हवी?"

दत्तोबानं घरटी एक माणसाची रीत सांगितली, पाण्याची पाळी सांगितली, वांगीसुद्धा सांगितली. कारकून मनानं वाईट नव्हता. त्यानं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"हे साहेबांना सांगितलंस तर नोकरी जाईल, खोट्या हजेरीचा खटला होईल, आणि भावाला चिठ्ठी मिळणार नाही ती नाहीच. ठराव आजारी दत्तोबासाठी आहे. गाडीत कोण आहे ते नीट आठवून सांग."

दत्तोबानं दारातून बाहेरच्या गाडीकडं बघितलं. मग म्हणाला, "दत्तोबा हाय."

"बायकोचं नाव?"

"ठमाबाई," त्यानं स्वतःच्या बायकोचं नाव सांगितलं.

"आणि सोबत जाणारा तू कोण?"

"मी भिमा," दत्तोबा म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

गाडीपाशी येऊन त्यानं दोघांना सगळं समजावलं. भिमा सुजल्या तोंडानं हसला. "पट्टा घातला तवाच तुजं नाव घेतलं म्या, दादा."

प्रयागबाईनं पदर पुढं ओढला. थोरल्या दिराच्या तोंडाकडं तिनं कधी वर बघितलं नव्हतं. खाली बघूनच तिनं विचारलं, "आन्‌ तितं काय कमीजास्त झालं, तर कोन गेलं म्हनायचं?"

दत्तोबा गाडीत चढला. "चला, भिगवणची आगगाडी चुकंल," एवढंच तो बोलला. चिठ्ठीवर एकाच सोबत्याची परवानगी होती. प्रयागबाई स्टेशनावरून हिंदुरावाबरोबर घरी परतली.

दवाखान्यात परिचारिकेनं "दत्तोबा" म्हणून हाक मारली की दत्तोबाच्या तोंडून "जी" निघायचं आणि तो जीभ चावायचा. भिमा दिवसेंदिवस फुगत चालला. सातव्या दिवशी त्यानं विचारलं, "दादा, वांग्यास्नी पानी बसलं का?"

"बसलं," दत्तोबा म्हणाला. ती वांगी मुळासकट उपटून टाकावीत असं त्याला वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टर व्हरांड्यात आले आणि म्हणाले, "दत्तोबा गेला." दत्तोबानं आधी स्वतःच्या पायांकडं बघितलं. मग त्याला उमगलं आणि तो तिथंच फरशीवर बसून रडला.

तिथल्या कारकुनानं कागद वाचून दाखवला. मयत दत्तोबा रावजी. कामावर असताना रोग जडला. वर्षाचा पगार विधवा ठमाबाई हिला द्यावा. जागा मयताचा भाऊ भिमा याला द्यावी. ठरावात जे जे कबूल केलं होतं ते ते सगळं मिळालं होतं. दत्तोबानं भिमाच्या नावानं अंगठा उठवला, कागद बंडीच्या खिशात घातला, पुण्यातच भावाला अग्नी दिला आणि कळसला निघाला.

त्याच्याआधी बोर्डाची तार गावात पोचली होती. पाटलानं ती दारात येऊन वाचली होती, दत्तोबा वारला. ठमाबाई आणि प्रयागबाई तेव्हापासून उंबऱ्याशी बसून होत्या. गेला तो कागदावरचा दत्तोबा की खरा? पटकी काय, सोबतच्या माणसालाही धरते. दोघींच्या कपाळी कुंकू होतं आणि दोघींचाही त्याला हात लावायचा धीर होत नव्हता. शेजारणी रडायला आल्या होत्या, पण कुणाच्या गळ्यात पडायचं हे न कळून नुसत्याच उभ्या होत्या.

दुपारी अंगणात पावलं वाजली. ठमाबाईनं मान वर केली आणि ती उंबरा धरून उठली. प्रयागबाईनं डोळे खालीच ठेवले. तिला नुसते धुळीनं भरलेले पाय दिसत होते.

"कोन आलं?" तिनं विचारलं.

कामावरून परतलेल्या माणसाला त्या घरात हे कधी कुणी विचारलं नव्हतं. दत्तोबाचा हात बंडीच्या खिशातल्या कागदावर गेला.

"मी, दत्तोबा," तो म्हणाला.

प्रयागबाईनं पदराच्या टोकानं स्वतःचं कुंकू पुसलं. ठमाबाईनं तिला जवळ घ्यायला हात पुढं केला, पण तो अर्ध्यातच थांबला. तिच्या स्वतःच्या कपाळी कुंकू तसंच होतं, आणि खिशातल्या कागदावर विधवा म्हणून नाव तिचं होतं.