गुणवंतरावांचं नाक

गोंडपिपरीच्या रस्त्यावरच्या आपल्या पेट्रोल पंपाचा गुणवंतरावांना जेवढा अभिमान नव्हता, तेवढा तिथल्या पाण्याच्या रांजणाचा होता. पंपामागच्या विहिरीचं थंडगार पाणी आणि वर स्वच्छ फडकं! तेल भरायला आलेला माणूस पाणी न पिता गेला, की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटे.

म्हणूनच मासोळ्यांची टोपली घेऊन बाजाराला निघालेल्या कुंताबाईने एक घोट घेऊन चूळ टाकली, तेव्हा त्यांचा पारा चढला.

"काऊन बाई, पाण्याले काय झालं?"

"डिझलचा वास येऊन राह्यला, भाऊ. तुमची टाकी तं फुटली नाई ना? आमच्या मोहल्ल्याची विहीर इथून दोनशे पावलावर हाय. चाळीस घरं तेच पाणी पेतेत."

"अजय, पिऊन पाय गा!"

हातातली तेलाची नळी ठेवून अजयने पेलाभर पाणी रिचवलं. "मले तं काईच वास येत नाई, साहेब." पंपावरच्या दुसऱ्या पोऱ्याने, लच्छूनेही तेच सांगितलं. गुणवंतराव स्वतः दोन पेले प्यायले. वास कसला न् काय कसलं!

"दिवसभर मासोळ्या विकते तू, अन् वास आमच्या पाण्याले?" ते म्हणाले. पंपावर हशा पिकला. कुंताबाईही हसली.

"माझ्या नाकाले मासोळी समजत नाई, हे खरं हाय. मंग तुमच्या नाकाले डिझल कसं समजन?"

ती गेली, पण गुणवंतरावांच्या मनात पाल चुकचुकली. टाकी खरंच गळत असेल तर कंपनी कित्येक महिने पंप बंद ठेवणार, आणि तालुकाभर नाचक्की होणार ती वेगळीच. त्यांनी टाकी तपासली नाही. रांजणात वाळ्याची जुडी मात्र सोडली.

पुढच्या आठवड्यात पुतणीच्या लग्नासाठी ते ब्रह्मपुरीला गेले. आठ दिवस पाहुणचार झोडला. नवव्या दिवशी जीपमधून उतरले, ते तडक रांजणापाशी. मोठा घोट घेतला आणि सगळा पांढऱ्या सदऱ्यावर!

"अजय! याच्यात डिझल कोणं ओतलं?"

"कोणीच नाई, साहेब. रोजचंच पाणी हाय."

गुणवंतरावांना घाम फुटला. हे पाणी त्यांनी किती जणांना आग्रह करकरून पाजलं होतं! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते तसेच कुंताबाईच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

"बाई, तुमचंच खरं निघालं. पण कंपनीले सांगतलं तं पंप बंद पडते. मी मोहल्ल्याले टँकर लावून देतो. गुपचूप निपटवून टाकू."

कुंताबाईने जाळं विणायचं थांबवलं. "भाऊ, तलावाच्या एका कोपऱ्यात इख पडलं, तं त्याच कोपऱ्यातल्या मासोळ्या मरतेत का? जमिनीखाली कुंपण नाई जी. आज आमची विहीर, उद्या पलीकडच्या गावाची. टँकर किती जणायले पुरवान?"

 तिथेच, तिच्या अंगणातून, गुणवंतरावांनी कंपनीला फोन लावला.

पंप बंद झाला. टाकी उकरली, तेव्हा जोडाशी बारीक चीर सापडली. तेल मुरलेली माती ट्रकांनी नेली. ठिकठिकाणी बोअर मारून खालचं पाणी उपसलं, त्यावर तरंगणारं डिझेल वेगळं काढलं, उरलंसुरलं तेल उडून जावं म्हणून जमिनीत हवा सोडली. तोवर मोहल्ल्याला टँकर होताच, पण आता उघडपणे. 'पाणी पिऊ नका' ही पाटी गुणवंतरावांनी स्वतःच्या हाताने रंगवली आणि येईल त्याला सदऱ्याची गोष्ट खळखळून हसत सांगितली. दर महिन्याला पाण्याची बाटली तपासणीला जाई, पण आधी ती कुंताबाईच्या नाकाखालून जायची!

चौदाव्या महिन्यात पाणी शुद्ध असल्याचा अहवाल आला. मोहल्ल्याच्या विहिरीवर बादल्यांची झुंबड उडाली, आणि पहिला पेला कुंताबाईने गुणवंतरावांच्या हाती दिला. त्यांचे डोळे भरून आले.

मित्रहो, ज्या घाणीत आपण रोज उभे असतो, तिचा वास आपल्याला येईनासा होतो. ज्याला येतो त्याला हसू नका, त्याचं ऐका आणि त्याच दिवशी कामाला लागा. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं आहे. ते नासायला एक चीर पुरते, निवळायला मात्र चौदा महिने लागतात!