बसायची सोय

"ठोका मारलास ना? मग आता तोंड मीट. आवाज पुरता विझू दे, मग काय ते बोल."

हे काम शिकवताना सांगणारी बाकावरची म्हातारी जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तिचा तो तंबाखूने खरवडलेला आवाज ठोकेवालीच्या कानाच्या पाळीला अजून लोंबत होता. कारखाना कमोड आणि वॉशबेसिनचा. भट्टीतून माल निघाला की बायका लाकडी हातोडीने एकेक भांडं हळूच ठोकून बघत. नाद सलग आला तर भांडं धड. बद्द वाजलं तर कुठेतरी केसाएवढी चीर. मग खडूने फुली मारायची आणि पुढे सरकायचं. ठोका आणि निकाल यांच्या मधे चकार शब्द काढायचा नाही, हा त्या बाकावरचा कायदा. बायका तो घरीही नेत. घरात काही विचारलं की समोरून येईल तो आवाज मुकाट ऐकायचा, मनातल्या मनात फुली मारायची किंवा नाही मारायची, आणि पुढच्या कामाला लागायचं. त्यामुळे त्या वस्तीत भांडणं कमी होती आणि गैरसमज पोत्याने होते.

मग एका सकाळी मालकाच्या जावयाने सगळ्यांना आवारात उभं केलं. जावई गोरागोमटा, नाकात बोलणारा, पोटाने सुखी. म्हणाला, हे राज्य आता परवडत नाही. वीज महाग, गॅस महाग, पाणी महाग, जागेचं तर नावच काढू नका. कामगारांना वाटलं, हा आपलंच गाऱ्हाणं मांडतोय. मागच्या रांगेतल्यांनी तर "अगदी खरं" म्हणून माना डोलावल्या. जरा वेळाने उलगडा झाला की महाग वस्तूंमध्ये त्यांनाही धरलं होतं. शेजारच्या राज्यात जमीन फुकट, वीज निम्म्या दरात, भट्टी नवीकोरी. कारखाना तिकडे निघाला होता. ज्यांना बोलावणं येईल त्यांनी यावं, उरलेल्यांना शुभेच्छा.

शुभेच्छांबरोबर मालही मिळाला. हातात जे पडायला हवं होतं त्यातला काही भाग कंपनीने कमोडच्या रूपात दिला, घरटी तीन. टेम्पो आले, गल्लीत पांढरी भांडी उतरवून निघून गेले. पुढे कितीतरी दिवस अख्खी वस्ती एकमेकांना कमोड विकत हिंडत होती. घेणारा कोण? मजल्यामागे एक संडास, तोही जिन्याखालचा, कडी नसलेला; आत बसलेल्याने खोकत राहायचं, एवढाच काय तो आडपडदा. आयुष्यभर जगाच्या बसायची सोय करणारी ही माणसं पहाटे बादली घेऊन रांगेत उभी राहत, आणि त्या संडासात बसवलेलं भांडं दुसऱ्याच कंपनीचं होतं.

ठोकेवालीच्या बिऱ्हाडात दोन खोल्या. त्यात नवरा, सासू आणि आता हे तीन पांढरे पाहुणे. एकात कांदे-बटाटे राहायला गेले. दुसरा दाराशी ठेवला, आल्यागेल्याला टेकायला, कारण खुर्च्या विकल्या होत्या. तिसरा सासूने मागून घेतला. खिडकीशी लावून, झाकण टाकून, वर उशी ठेवून ती दिवसभर त्यावर बसे आणि गल्ली ओस पडताना बघे. आधी कारखान्यासमोरचा चहावाला गेला, मग शिंपी, मग केस कापणारा, कारण रिकाम्या खिशाची माणसं दाढी वाढवतात. म्हातारीला जात्यावरच्या जुन्या चाली येत. ती पायाने ताल धरून गुणगुणायची :

पांढरं सिंहासन, आलं माझ्या दारी
राज्य गेलं वाटेनं, राणी एकटीच घरी

घरमालक मात्र गाण्याबिण्याने पाघळणारा नव्हता. निम्मी बिऱ्हाडं रिकामी झाल्यावर त्याने भाडं वाढवलं. ठोकेवालीने कारण विचारलं तर म्हणाला, गेलेल्यांचं कुणीतरी भरायला नको का? आणि हे त्याने इतक्या मायेने सांगितलं की तिला क्षणभर आपणच पळपुट्या आहोत असं वाटलं.

बोलावणं तिला आलं होतं. हजेरीबाबूने, म्हणजे फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाने, स्वतः येऊन सांगितलं होतं की नव्या कारखान्यातही ठोकेवाल्या लागणार आहेत. पगार थोडा कमी, पण कारखान्याला लागून घर मिळेल. घराला पुढे ओटा, मागे मोरी, आणि मोरीशेजारी स्वतःचा संडास. आतून कडी असलेला. नवऱ्यालाही घेऊ, असं त्याने खाली बघत सांगितलं होतं.

त्या कडीने ठोकेवालीची झोप उडवली. भाकरी थापताना, कपडे पिळताना ती मनातल्या मनात कडी लावायची, आत निवांत बसायची, न खोकता. बायका सोन्याची स्वप्नं बघतात म्हणे. तिच्या स्वप्नात बोटभर लोखंड होतं, आणि ते सरकताना खट् असा आवाज करत होतं.

नवरा भट्टीवाला. भट्टीच्या डोळ्यातून आत डोकावून, जाळाचा रंग बघून तो आच ठरवायचा. त्या डोकावण्यात त्याच्या भुवया कायमच्या झडल्या होत्या. त्यामुळे तो रागावलाय, हसतोय की नुसताच जेवतोय, हे बायकोलाही लग्नानंतर बरीच वर्षं कळत नसे. कंपनीने नवी जागा दाखवायला काही जणांना बसने नेलं, त्यात तो जाऊन आला. आल्यावर बायकोने विचारलं, कशी आहे जागा? बरी आहे, म्हणाला. भट्टी? मोठी आहे. आणि पाय धुता धुता त्याने सांगून टाकलं, आपलं काही जमायचं नाही, आई इथून हलणार नाही. या उंबऱ्यातून मला चार खांदेकरीच नेतील, असं म्हणते ती.

ठोकेवालीने तो आवाज नीट ऐकून घेतला. आई आणि मुलगा यांच्यामधला मामला. सलग वाटला. तिने फुली मारली नाही आणि सासूकडेही विषय काढला नाही. फक्त त्या दिवसापासून भांडी जरा जोरात आपटू लागली, आणि सासू खिडकीबाहेर जरा जास्तच बघू लागली.

रविवारी दुपारी हजेरीबाबू उत्तर न्यायला आला. दाराशी थबकला, इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी मुकाट्याने कमोडवर टेकला. तीस वर्षं लोकांना वेळेवर या म्हणून बोंबलणारा माणूस तिथे अवघडून बसलेला बघून सासूला हसू आवरेना. तिने त्याला पाणी दिलं आणि सावकाश होऊ द्या म्हणाली.

बाबू म्हणाला, आता थांबता येणार नाही. नाही म्हणत असाल तर कोपऱ्यावरच्या घरातली धाकटी सून टपूनच बसलीय, जागा तिला जाईल. ठोकेवाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत नवऱ्याकडे बघत राहिली. नवरा घसा खाकरून म्हणाला, काय करणार बाबू, आमच्या आईमुळे अडलंय.

खिडकीतली मान वळली.

"माझ्यामुळे?" सासू म्हणाली. "मी कधी आडवी आले?"

"तूच म्हणतेस ना, इथूनच जाणार म्हणून."

"ते तुझा बाप गेला तेव्हा म्हटलं होतं. रडताना माणूस काहीही बरळतं, ते काय धरून बसतात?" म्हातारी उशीसकट पुढे सरकली. "माझं काय अडलंय इथे? नवरा मेला, गुडघे मेले, आणि तो जिन्याखालचा संडास तर तुझ्या लग्नाआधीच मेलाय. मला वाटलं, सुनेला इथून निघवत नाही, म्हणून भांडी आपटतेय. मी आपली गप्प."

दोघींनी इतके दिवस एकमेकींवर केवढा राग साठवला होता, आणि तो ठेवायला आता घरात जागाच उरली नाही. सासू आधी हसली. मग सूनही. हसता हसता ठोकेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती बाबूला म्हणाली, लिहा, आम्ही येतोय. तिघंही.

बाबूने पेन काढलं, पण टोपण उघडेना. तो भट्टीवाल्याकडे बघत होता. आणि भट्टीवाला तसाच उभा होता, भिंतीला पाठ लावून. घरातल्या दोन बायका हसत असताना तो एकटाच हसला नव्हता.

ठोकेवालीचं हसू उतरलं. सासूबाई हलायला तयार, मी तयार, मग नाही म्हणणारं या घरात उरलं कोण? तिने तसं विचारलं, आणि या वेळी गप्प बसून ऐकायला ती तयार नव्हती. लगेच दुसऱ्यांदा विचारलं. खांद्याला धरून तिसऱ्यांदा विचारलं. सांगा ना हो, काय झालं तिथे?

बाबू उठू लागला. मी बाहेर थांबतो, म्हणाला. भट्टीवाल्याने त्याला हाताने बसवलं. तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणाला, तुम्हीच तर नाव घातलंत. मग त्याने बायकोकडे न बघता, समोरच्या कांदे-बटाट्यांकडे बघत सांगितलं.

"तिथल्या भट्टीला माणूस लागत नाही. काचेच्या खोलीत आकडे दिसतात, ती आपली आपण चढते, आपली आपण उतरते. डोकवायला भोकसुद्धा नाही तिला. मी समोर जाऊन उभा राहिलो बराच वेळ. मग एक पोरगेला साहेब आला नि म्हणाला, काका, पिवळ्या रेषेच्या मागे. मला फाटकावर घेतलंय. गाड्या आत-बाहेर सोडायला. शिट्टी देणार आहेत मला. शिट्टी."