शिखराच्या दिव्याचे तेल

मित्रांनो, मी एक जुनी केसाळ पट्टी आहे. बर्फावर चालायच्या स्कीला खालून चिकटवतात, ती. माझी एक बाजू बकरीच्या केसांची आणि दुसरी चिकट. केस एकाच दिशेला झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, पण चढावर मागे घसरत नाही. माणसाला वर नेणे एवढेच माझे काम. उतरताना मला सोलून, घडी घालून पिशवीत ठेवतात. उताराची मजा माझ्या नशिबी नाही, पण त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

दूरच्या थंड देशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी आणि माझी जुळी बहीण क्रीट बेटावर मानूसोसच्या घरी आलो. मानूसोस जैतुनाची झाडे राखणारा, अबोल गडी. वसंतात लोक किनाऱ्यावर पोहायला लागत, तेव्हा हा स्की खांद्यावर टाकून प्सिलोरितिस पर्वताची वाट धरी. कॉफीच्या दुकानातले म्हातारे टर उडवीत, "अरे मानूसोस, समुद्र तिकडे आहे! वाट चुकलास काय?" तो नुसता हसे.

त्याची लेक आर्गिरो तान्ही असताना तापाने फणफणली होती. डॉक्टरांनी हात टेकले. पोर जगली तर दर ईस्टरच्या आधी शिखरावरच्या चर्चमध्ये आपल्या झाडांच्या तेलाचा दिवा लावीन, असा नवस मानूसोसने केला. पोर जगली, आणि त्याने नवस कधी चुकवला नाही. चर्चचे ठेंगणे दार बर्फात बुडालेले असे. ते फावड्याने मोकळे करून तो वाकून आत शिरे. घरी आला की मला सावलीत वाळवी आणि म्हणे, "शाब्बास, म्हातारे!" तेवढ्याने मी वर्षभर सुखात राहत असे.

पुढे त्याचे गुडघे गेले. मी कोठारात खिळ्याला लटकून धूळ खात राहिले. ईस्टर जवळ आला तसा तो अंगणात बसून शिखराकडे बघू लागला. ते आर्गिरोला पाहवेना.

"बाबा, तेल मी नेते. सिफिसकाका आहेत सोबतीला," ती म्हणाली. सिफिस हा मानूसोसचा जुना सोबती.

मानूसोसने पिशवी स्वतः भरली. तेलाची बाटली काचेची. ती फुटू नये म्हणून त्याने ती आम्हां दोघी बहिणींत गुंडाळली. किती मायेने गुंडाळली म्हणून सांगू! मला वाचा असती तर मी ओरडले असते, कारण तेल लागले की आमचा चिकटपणा जातो.

वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी हिंदकळली, बूच सैल झाले आणि तेल माझ्या चिकट बाजूवर झिरपले. पहाटेच्या अंधुक उजेडात आर्गिरोने मला बाहेर काढले. दव लागले असेल असे समजून तिने मला बाहीने पुसले आणि स्कीला दाबून चिकटवले. सौम्य चढावर मी कशीबशी तग धरली. शिखराखालच्या उभ्या चढावर बर्फ काचेसारखा कडक होता. तिथे मी सुटले.

आर्गिरो पडली आणि दरीच्या दिशेने घसरत गेली. तिने हातातली गिर्यारोहकांची छोटी कुऱ्हाड बर्फात रोवली, म्हणून थांबली. मनगट दुखावले. सिफिस तिच्यापाशी पोचला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"चर्च समोर दिसतंय, काका. बाटलीत थोडं तेल उरलंय. मी चालत जाते."

"या बर्फावर? जा, लाव दिवा! मग तू दरीत गेलीस की तुझ्या नावाचा दुसरा लावायला मी चढतो. माझ्या गुडघ्यांची तरी कीव कर, पोरी."

"मग तुम्ही जा."

"आणि तुला अशी इथे टाकून? थोड्या वेळात ऊन तापलं की या उतारावरचा अख्खा बर्फ खाली येईल. चल, ऊठ."

ती बर्फात बसून रडली. आणि मग परतली.

मानूसोस दारातच उभा होता. "लागला दिवा?"

"नाही, बाबा. पट्टी सुटली. जुनी झाली होती."

दोष माझ्यावर आला, तो मी आनंदाने घेतला असता. पण मानूसोसने मला उचलून नाकाशी धरले. स्वतःच्या झाडांच्या तेलाचा वास त्याला कळणार नाही?

"पट्टीचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "बाटली मी हिच्यात गुंडाळली. तुला मीच दरीत ढकललं असतं, बाय. आणि नवसही मोडला."

"नवस कशासाठी केला होतात, बाबा?"

"तू जगावीस म्हणून."

"मग ही काय मी तुमच्यासमोर उभी आहे."

त्याने तिला जवळ ओढले आणि लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, माझा चिकटपणा गेला तो गेलाच. त्याचे दुःख नाही. पण एक विनवणी आहे. ज्या वस्तूच्या भरवशावर तुमचे माणूस चढणार आहे, ती निघण्याआधी उजेडात धरून नीट पाहा. माया करा, पण मायेने आपण काय कशात गुंडाळतो आहोत, तेही बघा. आम्हांला ओरडता येत नाही. आम्ही सुटतो, तेव्हाच तुम्हांला कळते.