टीव्हीवरचा गोलकीपर

माझा धाकटा भाऊ पूर्वी गोलकीपर होता. तेव्हा गोल खाल्ला की घरी येऊन गुपचूप बसायचा. आता तो कोट घालून टीव्हीवर फुटबॉलचं शहाणपण पाजळतो आणि घरी आला की बूट काढायच्या आत विचारतो, "ताई, कसा बोललो?"

दर रविवारी "छान बोललास" म्हणून म्हणून माझं डोकं उठलं होतं. या रविवारी मी म्हटलं, "बस, दोघं मिळूनच बघू." टीव्हीवर त्या दिवशीचा सामना लावला, आवाज बंद केला आणि मोबाइलवर त्याचं बोलणं सुरू केलं.

"मधली फळी झोपली आहे," मोबाइलमधला भाऊ म्हणाला. सोफ्यावरच्या भावाने मान डोलावली. "सुटलेल्या चेंडूमागे कुणी धावत नाही. या पोरांच्यात भूकच उरली नाही."

"तो बचावपटू बघ, कसा रेंगाळतोय," टीव्हीकडे बोट दाखवत तो म्हणाला. "माझा शब्द न् शब्द जुळतोय की नाही?"

मी मोबाइल त्याच्या हातात दिला. "तारीख वाच. हे तू मागच्या वर्षी बोललायस. संघ वेगळे, मैदान वेगळं."

त्याने तारीख वाचली. मला वाटलं, आता तरी जुन्या सवयीने गप्प बसेल.

तो सोफ्यावर ऐसपैस रेलला. "म्हणजे बघ ताई," तो म्हणाला, "आज जे झालं, ते मी वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं."