पानांवरचे ठिपके मोजणारी जुनी आवृत्ती

मला माझ्या नावाने फारसं कुणी ओळखत नाही; नावापुढच्या आकड्यावरून ओळखतात. मी फोटोतल्या वस्तू मोजणारा एक प्रोग्राम, आणि तोही जुना. थोडा वेळ असेल तर माझी हकीकत ऐका.

माझा जन्म एकाच माणसाच्या हातून झाला नाही. कुणीतरी पाया घातला, मग कुठल्या कुठल्या गावच्या लोकांनी फावल्या वेळात भर घातली. आमच्या घराण्यात लपवाछपवी नाही. माझ्या पोटात काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. त्यामुळे आमचा गोतावळा भलताच वाढला. दरवर्षी नवा भाऊ यायचा. एका भावाला तर लोकांनी शेकडो जोड-अवजारं आधीच बसवून, भरलेल्या पेटीसारखं वाटून द्यायला सुरुवात केली. मी मात्र सडाफटिंग. हवं ते अवजार मागाहून बसवून घ्यावं लागायचं.

मी आलो तो झाडांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत. तिथल्या बाईंना सगळे मॅडम म्हणायचे आणि मदतनिसांना मामा. मामा रोगट पान काचेखाली दाबून सपाट करायचे, त्याचा फोटो काढायचे. मग मॅडम मला उघडायच्या आणि मी पानावरचे काळे ठिपके मोजायचो. मॅडम आकडा मोठ्यांदा वाचायच्या, मामा वहीत लिहायचे. मामांचा एक आणि नऊ सारखाच दिसायचा, त्यावरून रोज एकदा तरी खटका उडायचा. अशी अकरा वर्षं गेली. फार सुखाचे दिवस होते ते.

मग मॅडमच्या हाताखाली एक विद्यार्थिनी आली. तिच्या लॅपटॉपवर माझा तो भरलेल्या पेटीतला भाऊ होता. एका दुपारी तिने मॅडमचेच जुने फोटो त्याच्याकडून मोजून घेतले. पहिल्या पानाचा माझा आकडा त्रेपन्न, त्याचा अठ्ठेचाळीस. दुसऱ्या, तिसऱ्या पानाचंही तेच.

"मॅडम, तुमचे सगळे आकडे जास्त येतायत," ती चाचरत म्हणाली.

मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे अकरा वर्षं मी चुकीचं मोजत आले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तर सांगितलं तसंच मोजत आलो होतो!

"थांबा, मी हाताने मोजतो," मामा म्हणाले. त्यांनी पहिल्या पानाचा फोटो छापून घेतला आणि लाल पेन्सिलीने एकेका ठिपक्यावर खूण करायला लागले. मध्येच त्यांनी मान वर केली.

"मॅडम, फोटोच्या कडेला हे अर्धे कापले गेलेत, त्यांचं काय करू? धरू की सोडू?"

विद्यार्थिनी लॅपटॉपकडे धावली. आमच्या दोघांच्या सेटिंग तिने शेजारी शेजारी उघडल्या. कडेचे ठिपके मी धरत होतो; भाऊ, वेगळं सांगितलं नाही तर, सोडून देत होता. मामांनी मोजले. कडेला बरोबर पाच.

"अहो मामा, केवढं मोठं काम केलंत तुम्ही!" विद्यार्थिनी म्हणाली.

"मी आपलं साधंच विचारलं," मामा ओशाळून म्हणाले.

मॅडम खुर्चीत टेकल्या. "सगळी पानं एकाच रीतीने मोजलीत, तेव्हा आपली तुलना खोटी नाही. पण कुणाकडून मोजून घेतलं ते मी कुठेच लिहिलं नाही. तेवढं माझं चुकलं."

त्या आठवड्यात तिघांनी मिळून सगळ्या वह्यांच्या पहिल्या पानावर माझं नाव आणि नावापुढचा आकडा लिहिला. विद्यार्थिनीनेही प्रबंधात भावाचं नाव, आवृत्ती आणि कडेच्या ठिपक्यांचं काय केलं ते नीट नोंदवलं.

पुढे मामा निवृत्त झाले, मग मॅडमही. आता ती विद्यार्थिनीच मॅडम झाली आहे. तिचं काम नवा भाऊ करतो. चपळ आहे, गुणी आहे, माझी तक्रार नाही. फक्त हल्लीची मुलं न वाचताच 'अपडेट'चं बटण दाबतात, ते मला बघवत नाही.

माझा संगणक सोमवारी भंगारात जाणार आहे. काल तिने मला त्यातून काढून एका डिस्कवर, अकरा वर्षांच्या फोटोंशेजारी जपून ठेवलं. इथे अंधार आहे, पण सोबत ओळखीच्या पानांची आहे.

तुम्ही नवे भाऊ खुशाल आणा. मात्र माझ्याकडून मोजलेल्या पानांबद्दल कधी शंका आली, तर त्यांना विचारू नका. मला उठवा. मी होतो तसाच आहे.